पाठीतल्या पिना

पुतळेवाल्याला त्याच्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. बायको 'अहो' म्हणायची, लेक 'बाबा' म्हणायची आणि बाकी सगळा चालायचा रस्ता त्याला पुतळेवाला म्हणूनच ओळखायचा. चालायचा रस्ता म्हणजे जुन्या शहराच्या पोटातला, घड्याळाच्या मनोऱ्यापासून जुन्या दरवाजापर्यंतचा दगडी रस्ता. नगरपालिकेने तिथल्या गाड्या बंद केल्या आणि दोन्ही तोंडांना लोखंडी खांब पुरले, तेव्हा दुकानदारांनी बोंब ठोकली होती, की गिऱ्हाईक काय आता उडत येणार? गिऱ्हाईक चालत आलं. इतकं आलं की बोंब ठोकणाऱ्यांनीच पुढे दारात बसायला बाकं टाकली आणि ही कल्पना मुळात आपलीच होती म्हणून सांगायला लागले.

या रस्त्यावरच्या कपड्यांच्या दुकानांत काचेमागचे पुतळे सजवायचं काम त्याने जन्मभर केलं. त्या कामाची एक मेख आहे. अंगावर चढवलेला कपडा पुतळ्याच्या मापाचा कधीच नसतो. मग समोरून तो बेतल्यासारखा बसवायचा आणि उरलेलं कापड पाठीमागे ओढून टाचण्या मारायच्या. समोरून बघाल तर राजा, मागून बघाल तर साळिंदर. "गिऱ्हाईक काय काच फोडून मागे जाऊन बघतंय?" असं तो म्हणायचा. काचेमागे चढताना बूट बाहेर काढायचे, नाहीतर फरशीवर डाग पडतात. आणि टाचण्या ठेवायच्या ओठांत, कारण हात दोनच. तोंडात टाचण्या असलेला माणूस भांडत नाही, असं बायको चारचौघांत कौतुकाने सांगायची. तो गोडही बोलत नाही, हे ती फक्त त्यालाच सांगायची.

बायको त्याच रस्त्यावर बटणांच्या दुकानात काउंटरला होती. एखादं बटण हरवलेला कोट घेऊन कोणी आलं, की ती खण न शोधता नेमका ओढायची. आता ते दुकान गेलं, तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. आणि तिची आठवणही गेली. डॉक्टरांनी त्या दुखण्याला लांबलचक नाव दिलं होतं, घरात त्याला सगळे नुसतं 'विसर' म्हणत. आधी गॅस विसरला, मग शेजारीण विसरली, मग एकदा ती घरच विसरली आणि बसच्या शेवटच्या थांब्यावर सापडली. त्या दिवशी लेक रडली नाही. सरळ म्हणाली, "बाबा, आणखी एकदा असं झालं तर मी ऐकून घेणार नाही. मी संस्था बघून ठेवलीय. आईला तिथे ठेवायचं."

"माझ्या डोळ्यांसमोर असते ती दिवसभर," तो म्हणाला होता. "माझ्याइतकं तिच्याकडे कोण बघणार आहे?"

लेकीने वाद घातला नाही. त्या बाबतीत वडिलांवर गेली होती.

तेव्हापासून त्याचा जीव या एका गोष्टीवर टांगलेला होता. बायको घरी राहिली पाहिजे. ती नसलेल्या घरात आपण काय करणार, हा विचार तो मनात येऊच द्यायचा नाही. आला तर उठून भांडी घासायला लागायचा. पण बायको वाळत चालली होती. घास तोंडात ठेवायची आणि गिळायचं विसरायची. हळदी रंगाचा तिचा जाड कोट, जो कधीकाळी अंगावर घट्ट बसायचा, तो खुंटीवर टांगल्यासारखा लोंबायला लागला. लेक दर रविवारी यायची. मग ह्याने काय केलं? जे आयुष्यभर केलं तेच. कोटाच्या पाठीतलं जादा कापड आतून घडी घालून सेफ्टी पिनांनी बांधून टाकलं. समोरून कोट असा बसला की बघणाऱ्याने म्हणावं, तब्येत सुधारली हो. लेक यायच्या वेळी तो बायकोला कोट घालून भिंतीला पाठ लावून बसवायचा. "अगं, घरात थंडी फार आहे," असं लेकीला सांगायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आठवड्यातून एकदा तो तिला चालायच्या रस्त्यावर घेऊन जायचा. तिथे गेली की तिचा चेहरा उजळतो, असं तो सगळ्यांना सांगायचा. खोटं कशाला बोला, तिच्यापेक्षा त्याचाच उजळायचा. निवृत्त झालेला स्वयंपाकी दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसतो ना, तसा तो एकेका काचेसमोर उभा राहायचा. हिची मान वाकडी, त्याची बाही भरलेलीच नाही, या पोरीच्या हातात पर्स दिलीय की बादली? बायको त्याचा हात धरून शेजारी उभी असायची आणि सगळ्याला हो म्हणायची.

त्या दिवशी सकाळपासूनच बोचरी थंडी होती आणि वर्षअखेरीचा सेल असल्याने रस्ता माणसांनी फुलला होता. एका मोठ्या दुकानाच्या काचेमागे एक नवी मुलगी पुतळ्याला लांब झगा चढवत घामाघूम झाली होती. तिने बाहेर बघितलं, त्याला ओळखलं आणि काचेवर टकटक केली. दारात येऊन म्हणाली, "काका, जरा बघता का हो? गळा नुसता पडतोय. मालक ओरडतील."

आता हे आमंत्रण नाकारणारा माणूस अजून जन्माला यायचाय. त्याने बायकोला काचेच्या अगदी समोर उभं केलं. "अगं, इथेच थांब. मी आतून तुला दिसतोय, तू मला दिसतेस. हलू नकोस."

"हो," बायको म्हणाली.

त्याने बूट काढले, मोज्यांवर काचेमागे चढला, मुलीच्या हातातून टाचण्या घेऊन ओठांत धरल्या. बाहेर बघितलं. हळदी कोट जागेवर होता. खांद्याला दोन टाचण्या मारल्या, पुन्हा बघितलं. कोट जागेवर. मग झग्याचा घेर बसवायला खाली वाकला. घेर हट्टी होता आणि हा त्याहून हट्टी. तो सरळ होऊन मागे सरला, स्वतःवर खूश झाला आणि शाबासकीसाठी बाहेर बघितलं. काचेपलीकडे दुसरीच माणसं उभी होती.

 टाचण्या थुंकून तो तसाच बाहेर पळाला. बूट आतच राहिले.

आधी त्याला वाटलं, असेल इथेच, गर्दीत दोन पावलं पुढे सरकली असेल. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग एकदम सुचलं, बटणांचं दुकान! पाय आपोआप तिकडेच जातील तिचे. मोज्यांत दगड बर्फासारखे लागत होते आणि लोक त्याच्या पायांकडे बघून बाजूला होत होते. बटणांच्या दुकानाशी तो पोचला. पायऱ्यांवर नेहमीसारखी माणसं टेकली होती. पिशव्या सांभाळणारे नवरे, आईस्क्रीम खाणारी पोरं, दोन-चार म्हातारी माणसं. त्याची नजर पायऱ्यांवरून झरझर फिरली. हळदी रंग कुठेच नव्हता. तो पुढे पळाला. जुन्या दरवाजापर्यंत गेला, परत आला, येताना पुन्हा पायऱ्यांवर नजर टाकली. नाही.

"माझी बायको बघितली का हो? हळदी कोट. असा, गुडघ्यापर्यंत." चष्म्याच्या दुकानात विचारलं, फुलवालीला विचारलं, अनोळखी माणसांना विचारलं. सगळ्यांनी मान हलवली. एकाने तर त्याच्या मोज्यांकडे बघून खिशात हात घातला, सुटे पैसे द्यायला.

मनोऱ्याखाली रस्त्याचं ऑफिस होतं. तिथे एक बाई दिवसभर माईकवर बसायची. अमुक दुकानात सवलत, तमुक नंबरची किल्ली सापडली आहे, असं सगळ्या स्पीकरांतून सांगायची. तो तिच्या खिडकीशी धापा टाकत उभा राहिला.

"बायको हरवलीय माझी. तिला काही आठवत नाही. हळदी रंगाचा कोट आहे, मोठी कॉलर, चार बटणं, वरचं बटण बाकीच्यांपेक्षा जरा गडद..."

बाईने लगेच माईक ओढला. "हळदी रंगाचा कोट घातलेल्या एक आजी हरवल्या आहेत. कोणाला दिसल्यास मनोऱ्याखाली आणावं." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "काका, घरी कोणाला कळवायचंय का?"

"नको," तो इतक्या जोरात म्हणाला की बाई दचकली. "घरी कोणी नाही."

लेक होती, दोन गल्ल्या पलीकडे तिच्या कामावर. पण तिला कळलं की संपलं. तो देवाला म्हणत होता, फक्त आजचा दिवस. आता ती सापडू दे, मी पुन्हा कुठल्या काचेकडे बघणारसुद्धा नाही. देवाला अशी आश्वासनं ऐकायची सवय असते.

मग त्याला कोट दिसला.

दरवाजाच्या बाजूला, गर्दीच्या डोक्यांवरून थोडा उंच, तो हळदी कोट पाठमोरा चालला होता. पाठीवर उभी घडी होती. ती घडी त्याने सकाळीच घातली होती, ती त्याने लाखात ओळखली असती. "अगं! अगं, थांब!" ओरडत, धक्के देत, शिव्या खात तो पळाला आणि त्याने मागून खांदा धरला.

खांदा टणक होता. हाताखाली हाड नव्हतं, फायबर होतं.

ती एक हातगाडी होती. बंद पडलेल्या दुकानाचे उघडेबोडके पुतळे घेऊन एक हमाल निघाला होता, आणि त्यातल्या उभ्या पुतळ्याच्या अंगात त्याच्या बायकोचा कोट होता. बटणंसुद्धा नीट लावलेली.

"तुमचा आहे होय?" हमाल म्हणाला. "बरं झालं बाबा. ही खेप टाकली की ऑफिसात जमा करणारच होतो. एक आजी आल्या, म्हणाल्या, हिला थंडी वाजतेय. अंगातला कोट काढून हिला घातला. मी म्हटलं, आजी, तुमचं काय? तर मलाच रागावल्या. मी दोरी आवळेपर्यंत कुठे गेल्या कळलंच नाही."

तो कोट हातात घेऊन उभा राहिला. आत्तापर्यंत वाईट वाटत होतं, भीती वाटत होती, पण कुठेतरी तो हळदी ठिपका होता आणि तो शोधायचा होता. आता शोधायचं काय? सगळा रस्ता त्याच्या बायकोला कोटावरून शोधत होता आणि कोट त्याच्या हातात होता. डोक्यावरच्या स्पीकरातून ती बाई अजूनही सांगतच होती, हळदी रंगाचा कोट, हळदी रंगाचा कोट. दिवस उतरायला लागला होता. अशा थंडीत ती नुसत्या स्वेटरवर होती. 

कसाबसा तो परत खिडकीशी आला. "कोट सापडला. ती नाही. अंगात राखाडी स्वेटर आहे."

"राखाडी स्वेटर तर निम्म्या रस्त्याच्या अंगात आहे, काका. दिसायला कशा आहेत?"

"खांदे उतरते आहेत. डावा जरा जास्तच. मान लांब, त्यामुळे उंच कॉलर शोभते. बाही एक बोट कमी लागते..."

"काका, चेहरा. चेहरा कसा आहे?"

 त्याने डोळे मिटून बायकोला समोर आणायचा प्रयत्न केला. काउंटरमागची ती आली, लग्नातली आली, लेकीला कडेवर घेतलेली आली. आज सकाळी जिला त्याने कोट घातला, ती येईना. तिथे नुसती कॉलर होती आणि कॉलरच्या वर काही नव्हतं. सकाळी त्याने बटणं लावली होती, घडी तपासली होती, दोन पावलं मागे सरून बघितलं होतं. बघितलं काय होतं? त्याला स्वतःचीच किळस आली.

"फोटो आहे का?" बाईने विचारलं. त्याने आपला बटणांचा जुना फोन दाखवला. बाई हळू आवाजात म्हणाली, "काका, अंधार पडायला आलाय. घरी कोणीतरी असेल ना? फोटो मागवा. नाहीतर शोधायचं कोणाला?"

ज्या माणसापासून लपवायचं, त्याच माणसाकडे मागायची वेळ आली. त्याने नंबर लावला. लेकीने उचलला.

"बाबा? आई बरी आहे ना?"

"अगं, ती... मी जरा काचेत चढलो होतो," तो म्हणाला आणि फोन खिडकीतून बाईपुढे धरला. बाईने त्याच्या हातातून फोन घेऊन सगळं सांगितलं. पलीकडून ओरडणं नाही, रडणं नाही. "फोटो पाठवते. मी निघालेच," एवढंच.

बाईच्या मोबाईलवर फोटो आला. तिने तो त्याच्यासमोर धरला.

फोटो त्याच्या स्वयंपाकघरातला होता. टेबलावरची बरणी त्याने ओळखली. मागच्या रविवारी तो पाठमोरा चहा करत असताना लेकीने काढलेला असावा, अगदी जवळून. कोट नव्हताच त्यात, फक्त चेहरा. गाल आत गेलेले, ओठांच्या कोपऱ्यात वाळलेला घास, डोळे इतके मोठे की जणू कोणीतरी काही विचारलंय आणि उत्तर सापडत नाहीये. एक क्षण, फक्त एक क्षण, त्याला वाटलं की लेकीने चुकून दुसऱ्याच कोणाचा फोटो पाठवला.

आणि मग त्याला आठवलं, हा चेहरा त्याने आज बघितला होता. बटणांच्या दुकानाच्या पायरीवर, कडेला. जाताना एकदा आणि येताना एकदा. राखाडी स्वेटरातली कोणीतरी म्हातारी, आपल्याकडेच बघणारी.

त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बाई खुर्चीतून उठली. तोवर तो पळत सुटला होता.

ती तिथेच होती. गुडघे जवळ घेऊन, हात काखेत घालून बसली होती आणि ओठ निळे पडले होते. तो तिच्यासमोर दगडावर गुडघे टेकून बसला आणि तिचे हात चोळायला लागला.

"तुम्ही या दुकानातले का?" तिने विचारलं. "आज दुकान उघडलंच नाही बघा."

"अगं, मी आहे."

"माझे हे इथेच काम करतात," ती विश्वासाने सांगायला लागली. "आत्ताच गेले इथून. दोनदा गेले. मी बघत होते. कामात असले ना, की त्यांना माणूस दिसत नाही. तसे स्वभावाने चांगले आहेत."

तो रडला. भर रस्त्यात, सेलच्या गर्दीत, नुसत्या मोज्यांत, हुंदके देऊन रडला. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, अनोळखी माणसाच्या डोक्यावरून फिरवावा तसा, जरा संकोचत. मग त्याने डोळे पुसले, तिला उभं केलं आणि कोट तिच्या अंगात घातला. वरपासून खालपर्यंत चारी बटणं लावली. सवयीने दोन पावलं मागे सरला. समोरून कोट झकास बसला होता.

गर्दीतून लेक येताना दिसली. कामावरच्या कपड्यांतच, गळ्यात ओळखपत्र तसंच लटकत होतं. ती इकडेतिकडे बघत नव्हती. इतक्या माणसांतून तिने आईचा चेहरा लांबूनच शोधला होता आणि ती थेट त्या चेहऱ्याकडे येत होती.

पुतळेवाल्याने बायकोला पाठमोरी वळवलं. कोटाच्या आत हात घातला आणि पहिली पिन काढली. हात दोनच, म्हणून ती ओठांत धरली. मग दुसरी. मग खालची. घडी सुटत गेली, पाठीवरून सैल कापड घरंगळलं, खांदे कोपरांकडे उतरले आणि कॉलर मानेपासून दूर जाऊन उभी राहिली. त्या एवढ्या मोठ्या कोटात त्याची बायको एखाद्या लहान मुलीएवढी उरली.

लेक येऊन पोचली. तिने आईला मिठी मारली, तेव्हा पाठीमागे तिच्या मुठीत कोटाचं ते सगळं रिकामं कापड आलं. ते तसंच धरून तिने आईच्या खांद्यावरून वडिलांकडे बघितलं. "आईला आता संस्थेत नेऊ ना, बाबा?" तिने विचारलं.

त्याच्या तोंडात पिना होत्या. त्याने मान डोलावली.